सारंगाच्या छातीवरचा ताईत

मित्रांनो, मी एक जुने होकायंत्र आहे. जवळ या, पण आधी तुमच्या खिशात काय आहे ते सांगा. चाकू? किल्ली? टाचणी? रागावू नका. लोखंड जवळ आले की माझी दिशा चुकते, आणि माझी चुकली की नौकेची चुकते. म्हणून कुणावर विश्वास ठेवायचा नाही, हे मी पितळी पेटीत बसलो तेव्हाच ठरवून टाकले.

माझी उमेदीची वर्षे ग्रीसजवळच्या एजियन समुद्रात गेली. लढाईत पेरलेले सुरुंग काढणाऱ्या एका लाकडी नौकेवर मी सुकाणूच्या पुढ्यात होतो. सुकाणू हाती घेण्यापूर्वी ज्याने त्याने अंगावरचे लोखंड दाराशी टांगलेल्या टोपलीत टाकायचे, असा नियम होता. नौकेचा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, थ्रासोस स्वतः खिसे चाचपायचा. तोही माझ्यासारखाच संशयी. आमचे छान जमायचे.

अशात कालिम्नोस बेटावरचा साकेलारिस नव्याने भरती होऊन आला. त्याच्या घराण्यात सगळे बुड्या मारून स्पंज काढणारे. आरमारात सुकाणूवर उभा राहणारा हा पहिलाच, आणि त्याचा त्याला फार अभिमान. पण तो उभा राहिला की नौका डावीकडे सरके. त्याची नजर माझ्यावरून हलत नसे, हातही स्थिर असे. खोटे मीच सांगत होतो. ते मला कळत होते, पण ओरडायला तोंड नव्हते. माझ्या मनात पाल चुकचुकली. याने काहीतरी लपवले आहे. हा आम्हाला मुद्दाम सुरुंगावर नेऊन घालणार.

कप्तानाने बजावले की आणखी एकदा असे झाले, तर लेरोस बंदरात उतरवून याला किनाऱ्यावरच्या भटारखान्यात धाडायचे. थ्रासोस म्हणाला, "तुम्ही कालिम्नोसवाले पाण्याखालीच बरे रे. पाण्यावर आलात की झोपता."

दुसऱ्याच दिवशी, सुरुंग काढून मोकळ्या केलेल्या अरुंद वाटेने जाताना पुन्हा तेच झाले. थ्रासोसने त्याला बाजूला ढकलून सुकाणू धरले. मी लगेच सरळ झालो. मग त्याने साकेलारिसला जवळ ओढले. मी वळलो. दोघांनीही ते पाहिले.

"सदरा काढ," थ्रासोस म्हणाला.

आत बनियनला एक कापडी ताईत टाचलेला होता.

"यात काय आहे?"

"आईनं शिवलाय, सारंगकाका. उघडायचा नसतो, गुण जातो." मग तो खाली बघत म्हणाला, "बाबांच्या होडीचा खिळा आहे. होडीच्या फळ्याच तेवढ्या परत आल्या आमच्याकडे."

"मग टोपलीत का नाही टाकलास?"

"टोपलीत लोखंड टाकतात ना?"

आता थ्रासोस तो ताईत समुद्रात भिरकावणार, अशी माझी खात्री होती. खरे सांगतो, मला ते हवेच होते. पण त्याने स्वतःच्या सदऱ्याची बटणे सोडली आणि ताईत आपल्या छातीशी टाचला.

"तुझी पाळी संपेपर्यंत मी नौकेच्या पार मागच्या टोकाला उभा राहतो," तो म्हणाला. "ताईत नौकेवरच राहील. पण नौका इंचभर जरी सरकली, तर समुद्रात टाकीन. तुला."

नौका सरकली नाही. दोन वर्षे, साकेलारिसच्या प्रत्येक पाळीला, उन्हात आणि वादळात, तो संशयी म्हातारा मागच्या टोकाला जाऊन उभा राहिला. ताईताची शिवण त्याने एकदाही उसवली नाही.

पुढे नौका मोडीत निघाली. मी भंगारात पडलो होतो, तिथून साकेलारिसने मला घरी आणले. आता तोही म्हातारा झाला आहे. ताईत गळ्यात घालून तो खुशाल माझ्यासमोर बसतो आणि नातवंडांना आरमाराच्या गोष्टी सांगतो. माझी चकती ज्यावर तरंगायची ते पाणी आटले आहे, चकती अडकली आहे. मी आता कुणासाठीच वळत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, हे तर मी सांगणारच. पण कुणी वाट चुकताना दिसला, तर त्याच्यावर ठपका ठेवण्याआधी त्याने छातीशी काय धरले आहे ते विचारा. थ्रासोसने विचारले होते. मी नुसता वळलो होतो.