मनकर्णाबाईंचा नुसता विश्वास

मनकर्णाबाई तायडे आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, सभासद नाहीत, हे कळायला आम्हाला चाळीस वर्षं लागली. कळलं तेही कबरस्तानामुळे.

झालं असं, की त्यांचे यजमान पुंजाराम तायडे यांच्या छातीत डॉक्टरांनी स्प्रिंग बसवली. अशी स्प्रिंग बसली की माणसाला पुढचं दिसायला लागतं. घरी आल्याबरोबर ते काठी टेकत चर्चच्या कमिटीपुढं आले.

"मले अन् मनकर्णेले शेजारी शेजारी जागा लिहून द्या. मागून पोरं कुठंही टाकतीन."

कमिटीनं नियम काढला. जोडीची जागा फक्त बाप्तिस्मा झालेल्या सभासदांना. पुंजारामांचा झालेला होता. मनकर्णाबाईंचा कोणालाच आठवेना, कारण तो झालाच नव्हता. आमच्याकडे बाप्तिस्मा वर्षातून एकदा, पेंटेकॉस्टच्या सणाच्या रविवारी, आवारातल्या हौदात बुडी देऊन होतो आणि त्यानंतर सगळ्या मंडळीचं जेवण असतं. चांदूर रेल्वेहून लग्न होऊन आल्या त्या वर्षापासून त्या जेवणाची चूल मनकर्णाबाईंकडे. तिकडं हौदात माणसं नवी होत होती, इकडं बाई वांग्याच्या भाजीपाशी. भाजी सोडून आत्म्याचं तारण घ्यायला कोण जाईल?

"वरती देव तिले घेईन," पुंजाराम म्हणाले, "पन इथं खालीच तुमची कमिटी आडवी."

पेंटेकॉस्टला महिना होता. बाप्तिस्म्याआधी धडे घेऊन परीक्षा घ्यायची, असा रिवाज. ते काम खंडारे सरांकडे. सर अकोल्याच्या शाळेतून गणित शिकवून निवृत्त झालेले आणि एकटेच. अमरावतीत मंडळीच्या आवारालगत खोली घेऊन राहायचे. कोणालाही अर्धा मार्क फुकट देणार नाहीत, अशी त्यांची ख्याती. फक्त देव सगळे मार्क फुकट देतो, यावर त्यांचा गाढ विश्वास होता.

पहिल्या धड्याला त्यांनी विचारलं, "समजा, तुम्ही देवापुढं उभ्या आहात. त्यानं विचारलं, तुला आत का घेऊ? काय सांगाल?"

"सांगीन, चर्च मी झाडतो. प्रभुभोजनाच्या टेबलावरची चादर मी धुतो. मिसबाईले भाकर नेऊन देतो. कोनी मेलं तर पेटीले आतून पांढरं कापड मीच लावतो. अजून काय पाह्यजे त्याले?"

"उत्तर चूक," सर म्हणाले. "ही सगळी कामं देवापुढं चिंध्या आहेत. तारण फुकट आहे, विश्वासानं मिळतं. कामांवरचा भरवसा सोडा."

"सगळा?"

"सगळा."

"चिंध्या धुतलेल्या हायेत का नाई, एवढं तरी पाहीन ना तो?"

"नाही पाहणार."

मनकर्णाबाईंनी खोचलेला पदर सोडला. मग म्हणाल्या, "बरं."

वऱ्हाडात बाई भांडत असते तोवर घर सुरक्षित असतं. 'बरं' म्हणाली की माणसानं सावध व्हावं. सर झाले नाहीत. त्यांचा दुसरा धडा पुढच्या आठवड्यात होता.

तो झालाच नाही. सरांना ऊन लागलं. अकोल्याच्या उन्हात जन्म काढलेला माणूस अमरावतीच्या उन्हात आडवा झाला, याचं अकोलेकरांना अजून वाईट वाटतं. आणि मनकर्णाबाई पहिल्याच धड्यावर चालत राहिल्या.

रविवारी चर्च उघडलं तर बाकांवर धूळ. चादरीवर मागच्या महिन्यातला द्राक्षरसाचा डाग. उपासनेनंतर चहा नाही. मनकर्णाबाई मात्र पहिल्या बाकावर, हात मांडीवर, डोळे समोर. कमिटीच्या बेबीताई घाबरून जवळ गेल्या.

"मावशी, तब्येत बरी नाई का?"

"चांगली हाये."

"मंग काय करून राहिल्या?"

"विश्वास."

"अन् चहा?"

"चहा काम होय," मनकर्णाबाई म्हणाल्या. "ते बंद केलं."

मिसबाई म्हणजे आवारातल्या जुन्या खोलीतल्या नव्वदीच्या निवृत्त नर्स. त्यांची भाकर आम्ही पाळीपाळीनं नेऊ लागलो. एका बाईच्या जागी सहा माणसं लागली, आणि मिसबाईंनी सहाही जणांच्या भाकरीला वेगवेगळी नावं ठेवली. त्या दिवसांत मंडळीत कोणी मेलं नाही, ही देवाची कृपाच. पेटीला कापड कसं लावतात, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. पुंजारामांचं जेवण तेवढं चालू होतं. नवऱ्याची भाकर बाईंनी सत्कृत्यात कधी धरलीच नव्हती.

तिसऱ्या रविवारी सर उठून चर्चला आले आणि देवाच्या कृपेची साक्ष द्यायला उभे राहिले. अंगात ताकद नव्हती, पण मुद्दा होता.

"मी तापानं फणफणत पडलो होतो," ते म्हणाले. "सकाळ-संध्याकाळ माझ्या दाराच्या कडीला डबा. भाजलेल्या कैरीचं पन्हं, सोबत कांदा. शेजारच्या बिल्कीसभाभी टांगून जायच्या. मी मागितलं नव्हतं, कमावलं नव्हतं, त्यांच्यासाठी कधी काही केलंही नव्हतं. मंडळी, कृपा म्हणतात ती हीच. यात कामाचा संबंध येतो कुठं?"

आम्ही आमेन म्हणालो. पहिल्या बाकावर मनकर्णाबाई पदरानं तोंड पुसत होत्या. उकडत होतं, म्हणून कोणी लक्ष दिलं नाही.

परीक्षा शनिवारी झाली. टेबलामागं सर, आमचे तरुण धर्मगुरू पाळकसाहेब आणि आम्ही कमिटीचे. पुंजाराम दारात खुर्ची टाकून बसलेले. नापास झाली तर पुढचा पेंटेकॉस्ट वर्षानं, आणि त्यांचा स्प्रिंगवर तेवढा विश्वास नव्हता.

"तुमचा भरवसा आता कोणावर?" सरांनी विचारलं.

"येशूवर."

"कामांवर?"

"नाई. तुमी सांगतल्यापासून एक काम केलं नाई. इचारा सगळ्याईले."

विचारायची गरज नव्हती. पाळकसाहेबांच्या झग्याची मळलेली कॉलर बोलत होती. सर पास लिहिणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "थांबा. एक केलं."

"कोणतं?"

"पन्हं."

सरांचा पेन थांबला. "ते तर बिल्कीसभाभी..."

"तिनं टांगलं फक्त. मीच म्हनलं, माह्यं नाव सांगजो नको. सर नापास करतीन."

"अवं," दारातून पुंजाराम कळवळले, "इचारलं होतं का कोनी? आपल्या जागेचं तर पाह्य."

"खोटं बोलून घेतलेल्या जागेत मले झोप नाई येनार," बाई मागं न वळता म्हणाल्या.

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "का केलंत?"

"आता कावून म्हनजे? तुमी एकटे पडले होते. घरी कैऱ्या होत्या. भाजल्या. तवा मले सर्ग-बिर्ग काई याद नाई राह्यला. गलती झाली. करा नापास."

ज्या डब्याला भर चर्चमध्ये कृपा म्हटलं, तो आता कशात धरायचा, हे गणित सरांना सुटत नव्हतं. पाळकसाहेबांना सुटलं असावं, पण ते वयानं लहान.

"दुसरा धडा राहिला होता," शेवटी सर म्हणाले. "कामांनी तारण मिळत नाही. पण विश्वास खरा असला की कामं आपोआप मागून येतात, मोजल्याशिवाय. तो धडा मी आजारी पडलो म्हणून..." ते थबकले. "तुमचा झाला तो. पास."

"मंग दोन्ही धडे एकाच दिवशी सांगाचे ना, सर," मनकर्णाबाई म्हणाल्या. "मिसबाई अर्ध्या झाल्या."

पेंटेकॉस्टच्या सकाळी सगळे हौदाशी जमले आणि आत पाहत राहिले. दरवर्षी तो आपोआप स्वच्छ असतो, अशी आमची समजूत होती. यंदा तळाला घोट्यापर्यंत पाणी, हिरवं शेवाळ, कडुलिंबाचा पाला आणि एक बेडूक. टँकर फाटकात उभा. सगळ्यांची नजर मनकर्णाबाईंकडे गेली, आणि बाईंची नजर खराट्याकडे.

"आज नाही," सर म्हणाले. "आज तुम्ही नुसतं घ्यायचं." त्यांनी चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, खराटा घेतला आणि हौदात उतरले.

बाई काठावर येऊन उभ्या राहिल्या. "सर, हे काम होय बरं."

"माहीत आहे. तारणासाठी करत नाही."

"मंग कावून करून राहिले?"

सरांनी कमरेवर हात ठेवून विचार केला. "शेवाळ आहे म्हणून."

"हां," बाई म्हणाल्या. "तो कोपरा राहिला."

मागं चुलीपाशी बेबीताई वांग्यांत मीठ किती, असं कोणाकोणाला विचारत फिरत होत्या. खुर्चीवरून पुंजारामांनी आवाज दिला, "मनकर्णे, झाली ना आता जागा पक्की?"

"झाली," त्या म्हणाल्या. "पन झाडाखालची मी घेईन. तुमाले कुठंही झोप लागते."