मागची जागा

पहाटेच्या बसने आम्ही सेमरखेड्याच्या फाट्यावर उतरलो, तेव्हा माझ्याजवळ एकच वाक्य होते आणि ते अजून उच्चारायचे होते. ‘मामा, तुम्हाला ऐकू येत नाही, यापुढे मी पुढे चालतो.’

ते वाक्य वसुधामामींनी सोपवले होते. आदल्या संध्याकाळी, जबलपुरात गढ्याच्या घरी, दशम्या फडक्यात बांधताना त्या म्हणाल्या, “ओमतीच्या चौकात ट्रकवाला हॉर्न देऊन राहिला अन् हे आपले चालूनच राहिले. पानवाल्यानं दंड धरून ओढलं म्हणून घरी आले. अन् जंगलात हेच पुढं, तू मागं. काहून? मी बोलले तर दोन दिवस जेवणार नाहीत. तू सांग, श्रीपाद. उद्या सांगितलं नाहीस, तर मी यांना पुन्हा त्या वाटेवर जाऊ देणार नाही.”

मामांना सारे भय्यासाहेब म्हणत. त्यांनी आयुष्यभर भूगोल शिकवला. राज्यांची पुनर्रचना होऊन नागपूर तिकडे मुंबई राज्यात गेले आणि आम्ही इकडे मध्य प्रदेशात राहिलो, तेव्हा वर्गातल्या भिंतीवरचा नकाशा त्यांनी स्वतः तांबड्या शाईने दुरुस्त केला होता. तेव्हापासून दर चैत्रात ते ही वाट चालत आले: गवताळ माळ, मग कोरडा नाला, मग सागाचा उतार आणि शेवटी डोंगराची धार. माझे वडील गेल्यावर त्यांनी मलाही सोबत घेतले. वडीलधारा पुढे, धाकटा मागे, हा क्रम कुणी ठरवला नव्हता. म्हणूनच तो मोडणे अवघड होते.

त्यांचे कान गेल्याला तीन वर्षे झाली होती. घरात त्या गोष्टीला नाव नव्हते. आम्ही फक्त थोडे मोठ्याने बोलू लागलो आणि ते थोडे अधिक वेळा ‘अच्छा’ म्हणू लागले. न ऐकलेल्या प्रत्येक वाक्यावर ते हा एक शब्द शालीसारखा पांघरीत.

माझे मौन मात्र सभ्यतेचे नव्हते. चारचौघांत माझ्या तोंडून दोन वाक्ये धड निघत नाहीत. पण त्या पाठमोऱ्या, न ऐकणाऱ्या माणसाच्या मागे चालताना मला वाचा फुटे. वडिलांचे शेवटचे दिवस, नापास झालेली परीक्षा, इंदूरला लग्न होऊन गेलेली विभावरी, जिला मी कधी काही विचारले नाही, हे सारे मी तीन चैत्र त्या रुंद पाठीला मोठ्याने सांगितले होते. पुढे चालू लागलो असतो, तर ती जागा गेली असती.

फाट्याजवळ मोहाची फुले वेचून परतणारी एक बाई भेटली. टोपली डोक्यावरून न उतरवता तिने बजावले, “बाबूजी, बोलते-बतियाते जाना। महुआ गिर रहा है, भालू नाले तक उतरता है। आदमी की आवाज सुन ले तो खुद हट जाता है।”

“अच्छा, अच्छा,” मामा म्हणाले आणि चालू लागले.

मलाही ते नवे नव्हते. मोहाच्या दिवसांत अस्वल माणसावर धावते ते बहुधा दचकून. पण त्या सकाळी मी बोलेना. मागची तीन वर्षे मी ऐकले जाऊ नये म्हणून बोललो होतो. आज ऐकले जावे असे बोलायचे होते, आणि त्या एका वाक्याने बाकी सगळ्या वाक्यांचा रस्ता अडवला होता.

माळ संपता संपेना. वाळलेल्या गवतावर ऊन तिरपे पसरले होते. सूर्य पाठीशी असल्याने आमच्या सावल्या आमच्यापुढे लांबवर चालत होत्या. चार-पाच नीलगायी थबकून आमच्याकडे पाहत राहिल्या. एक टिटवी ओरडत डोक्यावरून गेली. मामांनी वर पाहिले नाही. पुढे पळस फुलले होते. दर पळसाशी मी स्वतःला म्हणत होतो, ‘आता,’ आणि दर पळस मागे पडत होता.

नाल्यात उतरताना आमच्यात वीसेक पावलांचे अंतर पडले. समोरून वारा येत होता. पलीकडच्या काठावर मोहाचे जुने झाड होते आणि त्याखाली वारूळ. तेवढ्यात मला भात्यासारखा आवाज ऐकू आला. फू, फू, आणि मग ओढून घेतलेला श्वास. वारुळाशेजारची काळी सावली हलली. तिच्या पाठीवर केसांना धरून एक पिल्लू बसले होते.

मामा खाली पाहत, काठी टेकीत, सरळ तिकडेच निघाले होते. मध्ये तीस पावले. सत्तावीस.

मी हाक मारली असती, तर ती अस्वलाने ऐकली असती, मामांनी नाही; आणि इतक्या जवळ ते दचकून धावले असते. खडा मारला असता, तर मामा वळून आपल्या त्या नव्या, मापाबाहेरच्या आवाजात ‘काय रे?’ म्हणाले असते. धावलो असतो, तर वाळली पाने वाजली असती. मी चपला काढल्या आणि नाल्यातल्या दगडा-दगडांवरून निघालो. दगड अजून गार होते. एक डगमगला, मी थांबलो, भाता चालूच होता. मामांपाशी पोचलो, तेव्हा अस्वलापर्यंत पंधरा पावले उरली होती.

मग मी ते केले, जे आमच्या घरात कुणी केले नसेल. एका हाताने त्यांचा खांदा धरला आणि दुसऱ्या हाताने त्यांचे तोंड दाबले.

त्यांचे सारे शरीर संतापाने ताठ झाले. दुसऱ्याच क्षणी त्यांनाही ते दिसले. माझ्या तळव्याखाली त्यांचा श्वास अडकला.

भाता थांबला. अस्वल मागच्या पायांवर उभे राहिले आणि तोंड वर करून हवा हुंगू लागले. वारा त्याच्याकडून आमच्याकडे होता. आम्ही कोण ते त्याला कळेना. आता बोलणे भाग होते. खालच्या, एकसारख्या सुरात, माणसासारखे. माझ्याजवळ एकच वाक्य होते.

“मामा, तुम्हाला ऐकू येत नाही,” मी अस्वलाकडे पाहत म्हणालो. “यापुढे मी पुढे चालतो. मामा, तुम्हाला ऐकू येत नाही. यापुढे मी पुढे चालतो.” प्रत्येक वेळी एक पाऊल मागे घेत होतो आणि मामांना सोबत ओढत होतो. पाचव्या की सहाव्या खेपेला अस्वलाने घशातून एक ढेकरासारखा आवाज काढला, चारही पाय टेकले आणि पिल्लासकट सागाच्या उतारावरून आडवे निघून गेले. पाने बराच वेळ वाजत होती.

मी हात काढला. मामांच्या गालांवर माझ्या बोटांचे वळ होते. ते दगडावर बसले. काठी बाजूला ठेवली.

“काय बोलून राहिला होता तू?”

मी त्यांच्यासमोर उकिडवा बसलो आणि त्यांच्या डोळ्यांत पाहत, तेच वाक्य मोठ्याने म्हटले. या खेपेला ते फार लांब वाटले.

त्यांनी ‘अच्छा’ म्हटले नाही.

“मामीनं सांगितलं तुला?”

“हो. पण मला तीन वर्षांपासून ठाऊक होतं.”

“मलाही ठाऊक होतं,” ते म्हणाले. “तू मागून बोलतोस ते. सकाळचं ऊन पाठीवर असते. तुझी सावली हात हलवत राहते, घरी कधी हलवत नाहीस तसे. म्हटलं, पोरगं कुठं तरी बोलते ना, बोलू दे. मागं वळलो असतो तर गप्प झाला असतास.” त्यांनी काठी उचलली. “आज सावलीचे हात हलत नव्हते. तेव्हाच थांबायला पाहिजे होतं मी.”

मी नाल्यातून जाऊन चपला घेऊन आलो. ते उभे होते. वाटेतून एक पाऊल बाजूला सरकून.

“हो पुढं,” ते म्हणाले. “अन् बोलत राहा. मला ऐकू येत नाही, अस्वलाला येते.”

त्यांनी माझ्या पिशवीचा पट्टा धरला. मी सागाच्या उतारावर चढू लागलो आणि बोलू लागलो. समोर पाठ नव्हती, नुसता चढ होता. शब्द माझेच मला परके वाटत होते. तरी बोललो, कारण पट्ट्याला मागून वजन होते.

धारेवर पोचलो तेव्हा ऊन चढले होते. खाली माळ, त्यावर नीलगायींचे ठिपके, आणि उत्तरेला नर्मदेची करडी रेघ, त्यापलीकडे धुरकट जबलपूर. दर वर्षी मामा इथे काठीने एकेक नाव दाखवीत. आज त्यांनी दशमीचा तुकडा मोडला, माझ्या हातात दिला आणि माझ्या ओठांकडे पाहत बसले.

मी म्हणालो, “विभावरी नावाची एक मुलगी होती.”

वारा जोरात होता. त्यांनी कपाळ आक्रसले. ‘अच्छा’ त्यांच्या ओठांवर आलेला मला दिसला. तो त्यांनी गिळला आणि कानामागे तळवा धरला.

“नाही ऐकू आलं,” मामा म्हणाले. “पुन्हा सांग.”