दुमडलेला कोपरा

लहानूच्या घरात नशीब हा शब्दच बाद होता. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा देवांबरोबर तोही घराबाहेर काढला. जे होतं त्याला कारण असतं, असं लहानू दहा जणांत ठासून सांगायचा. आता मात्र वीस दिवसांपासून त्याला कारणाच्या नावानंच धडकी भरत होती.

उरला गावच्या, सळया बनवणाऱ्या रोलिंग मिलमध्ये तो आणि गौतम जोडीनं काम करायचे. एकानं तापल्या सळईच्या तोंडाशी उभं राहायचं, दुसऱ्यानं मागं पंख्यापाशी. कोण कुठं, ते रोज दोन चिठ्ठ्यांवर ठरे. हेल्मेटात चिठ्ठ्या पडल्या की गौतम म्हणे, "पयले तू उचल." वीस दिवसांपूर्वी, बुधवारी, लाल सळई उसळली आणि गौतमच्या पायावर आली. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. अख्खी मिल म्हणाली, चान्सची गोष्ट आहे.

डोंबलाचा चान्स! पंख्याच्या चिठ्ठीचा कोपरा लहानू होळीपासून नखानं दुमडत होता.

शेवटी त्यानं फिजिक्स शिकणाऱ्या लेकीला, रुचिताला विचारलं, "बेटा, चान्स म्हंजे काय असते?"

"नाणं उडवलं ना बाबा, तो भी सब तय रहता है. बोटाचा जोर, हवा... आपल्याले कारण मालूम नसते, म्हणून चान्स म्हणतो. अणूच्या आत मात्र खराच चान्स असते म्हणतात."

"अन् हेल्मेटात?"

रुचिता हसली. लहानूनं चप्पल घातली आणि तडक गौतमचं घर गाठलं.

गौतम खाटेवर होता. त्याच्या बायकोनं, शारदानं, चहा दिला. लहानूनं कपाला हात लावला नाही.

"चान्स नव्हता गौतम. मी कोपरा दुमडून ठेवत होतो."

"मालूम आहे," गौतम म्हणाला. "पयल्याच हप्त्यात दिसला. तुहा गुडघा दुखते, मले का दिसत नाही? म्हणून तर तुले पयले उचलू देत होतो."

लहानूला शिव्या हव्या होत्या, चार थोबाडीत हव्या होत्या. हे कुठं ठेवायचं? "मंग बोलला काहून नाहीस?" तो ओरडलाच.

"बोललो असतो तर तू उचलली असती का?"

शारदा दारातच उभी होती. तिनं आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग लहानूकडे.

"म्हंजे तुम्हा दोघायलेही मालूम होतं," ती म्हणाली. "अन् मी वीस दिवस नशिबाले शिव्या देऊन राहिली."