रंग जुळत नाही

“तुझा जन्मवार कोणता, पोरी?” गाडीखालून आवाज आला.

ओराथाय गोंधळली. जुनी गाडी बघायला आलेल्या बाईला कुणी असं विचारतं का? “सोमवार,” ती म्हणाली.

“अरेरे,” असं म्हणत जामरातदादा पाठीवर सरकत बाहेर आले. उठून बसले, हातातली बॅटरी विझवली आणि त्या लाल गाडीकडे असं पाहिलं की जणू तिचं वाईट त्यांनाच वाटत होतं. “मग पंचाईत आहे गं. सोमवारचा जन्म आणि लाल गाडी. रंग जुळत नाही.”

मी कॉफीचे पेले घेऊन तिथेच उभी होते. मनात म्हटलं, चला, गाडी निकालात निघाली.

नाखोन सावान शहराच्या बाहेर हमरस्त्यालगत जुन्या गाड्या विकायचे चौदा तंबू आहेत. कापड जाऊन पत्रे आले त्याला वीस वर्षं झाली, पण नाव तंबूच राहिलं. त्यांच्या बरोबर मध्ये माझी बर्फाच्या कॉफीची गाडी. त्यामुळे कुठल्या तंबूत कुठली गाडी कुठल्या दुखण्यासकट उभी आहे, हे मला मालकांच्या आधी कळतं.

जामरातदादा तीस वर्षं एका कारखान्याच्या गॅरेजात मिस्त्री होते. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून लोकांना जुनी गाडी पारखून द्यायला लागले. त्याला आता नऊ वर्षं झाली. हात काळे, शर्ट मात्र कायम इस्त्रीचा. गाडीजवळ गेले की पहिली दहा मिनिटं ते काहीच उघडत नाहीत. मागच्या सीटवर डोळे मिटून बसतात आणि वास घेतात. नवखं गिऱ्हाईक घाबरतं, म्हातारा झोपला की काय.

या नऊ वर्षांत त्या रस्त्यावर त्यांच्या तोंडून ‘खराब’ हा शब्द कुणी ऐकला नव्हता. ज्याच्या तंबूत उभं राहायचं, ज्याच्याबरोबर दुपारी एका ताटात जेवायचं, त्याला गिऱ्हाइकासमोर खोटं पाडायचं, हे त्यांच्या स्वभावात नाही. आमच्यात कुणाच्याच नाही म्हणा. म्हणून त्यांनी ही युक्ती काढली होती. गाडी चांगली असली की किमतीवर बोलायचं. वाईट असली की जन्मवार विचारायचा. आमच्यात प्रत्येक जन्मवाराला एक रंग वर्ज्य असतो. शनिवारच्याला हिरवी चालत नाही, गुरुवारच्याला जांभळी. आणि एवढ्यानंही भागलं नाही तर बायकोचा जन्मवार होताच. मालक हसून म्हणायचा, “अहो, रंगापुढे कुणाचं काय चालणार!” गिऱ्हाईक नमस्कार करून सटकायचं. साप मेला आणि काठीही मोडली नाही.

ज्याला कळायचं नाही तो माझ्याकडे कॉफी प्यायला यायचा. मग पेल्यात बर्फ घालता घालता मी हळूच सांगायची, “बाबा रे, रंगाचं नाही, इंजिनाचं आहे ते.” हे काम मला कुणी दिलं नव्हतं. पण ते माझंच होतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

त्या लाल गाडीत काय होतं, ते दादांनी मला नंतर सांगितलं. लहानशीच, पण उंच बांध्याची गाडी. आठ वर्षं जुनी, वरून चकचकीत. सीटचा पट्टा त्यांनी शेवटपर्यंत ओढून काढला, तर टोकाच्या वीतभर भागात गाळाची बारीक रेघ. सीटखालचे बोल्ट गंजलेले. आणि छत! नवी गाडी घेतली की आम्ही विहारात नेऊन भिक्खूंकडून छताला आतून पांढऱ्या गंधाचे ठिपके लावून घेतो. ते न लावणारा माणूस विरळाच. आठ वर्षांच्या गाडीचं छत कोरं करकरीत निघालं, म्हणजे अस्तर बदललं. अस्तर कशाला बदलतात? पुराचं पाणी तिथपर्यंत चढलं म्हणून. वायरिंग आतून सडत असणार, गिअरबॉक्सलाही पाणी लागलेलं. किंमत दोन लाख एकोणीस हजार बाट, आणि वर वर्षभरात लाखभराचं दुखणं.

हे सगळं ‘रंग जुळत नाही’ या तीन शब्दांत बसलं होतं. ओराथायनं ते ऐकलं, हात जोडले आणि म्हणाली, “समजलं, काका.” दादांना वाटलं, समजलं.

ती बाजारात मोची, म्हणजे चिकट तांदळाच्या पिठाचे गोड गोळे, करून विकते. घरी वडील, लुआन नावाचे. उमेदीत नदीवर वाळूच्या होड्या ओढणाऱ्या बोटीचे तांडेल होते. आता मूत्रपिंडं गेलेली. सोमवार, बुधवार, शुक्रवार इस्पितळात नेऊन रक्त धुऊन आणावं लागतं. मोटारसायकलीला जोडलेल्या गाड्यात बसवून ती त्यांना न्यायची, आणि गेल्या महिन्यात ते वाटेतच बेशुद्ध पडले. बसक्या गाडीतून त्यांना उठता येत नाही, गुडघे वाकत नाहीत. म्हणून तिला उंच सीटची गाडी हवी होती, सरळ मागे टेकून सरकता येईल अशी. जवळ होतं ते सगळं एकदाच लावायचं होतं.

हे ती मला सांगत होती, माझ्या कॉफीच्या गाडीशी उभी राहून. आणि मग म्हणाली, “जीवात जीव आला बघ, मावशी! मला वाटलं इंजिनाचं काही निघेल. नुसता रंगच निघाला.”

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण शेजारी हिया तोंग उभे होते, त्या तंबूचे मालक. कॉफीसाठी हात पुढे करून. बावीस वर्षांचं गिऱ्हाईक, माझ्या मुलीच्या लग्नात पाकीट घेऊन आलेला माणूस. मी नुसतं “हं” म्हटलं. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. माझी भीड मात्र दुसऱ्याच्या घरी भीक घेऊन गेली.

अकरा दिवसांनी सकाळी दहाच्या सुमाराला ती लाल गाडी माझ्यासमोर येऊन थांबली. मागच्या काचेवर पिवळी पट्टी, त्यावर ठळक अक्षरं: ‘ही गाडी पिवळी आहे.’

अशा पट्ट्या आमच्या रस्त्यांवर रोज दिसतात. मालकाच्या जन्मवाराला चालणारा रंग लिहून काळी गाडी स्वतःला पांढरी म्हणवते, हिरवी गाडी सोनेरी. दैवाला वाचता येतं पण दिसत नाही, अशी आमची समजूत असावी. पण ती पट्टी पाहिली आणि माझ्या हातातली चाळणी खाली पडली.

जामरातदादा बाकावर बसलेले होते. ओराथाय मोचीचा डबा घेऊन त्यांच्याकडे आली. पुढच्या सीटवर लुआनआजोबा ताठ बसलेले, बोटीवर बसावं तसे.

“काका, तुमच्यासाठी. तीळ घातलेली आहेत.”

“ही... ही गाडी घेतलीस तू?”

“मग? तुम्ही तर म्हणालात फक्त रंगाचं आहे. चाळीस बाटची पट्टी लावली, भिक्खूंकडून ठिपकेही लावून घेतले. हिया तोंगनी तीन हजार कमीसुद्धा केले. बाबा नुसते राजासारखे बसतात!”

दादांनी डबा हातात धरला, पण उघडला नाही. “काही त्रास?”

“छे! सकाळी कधी कधी दिवे आपोआप लागतात. बाबा म्हणतात, गाडी ओळखते त्यांना.” ती हसली. “आणि बुधवारी पुलावर बंद पडली होती. दहा मिनिटांनी झाली सुरू. आम्ही नदी बघत बसलो.”

दादांनी आजोबांकडे पाहिलं. मग चार हातांवर खुर्ची टाकून बसलेल्या हिया तोंगकडे. अशा वेळी त्यांचा आवाज खाली जायचा, मला ठाऊक होतं. मी त्यांच्या जवळ सरकलेसुद्धा, ऐकायला. पण ते उभे राहिले आणि चारचौघांत ऐकू जाईल अशा आवाजात बोलले.

“पोरी, गाडी खराब आहे.”

हिया तोंगच्या खुर्चीचा पाय वाजला.

“पुरात बुडालेली आहे. छतापर्यंत. मला त्याच दिवशी कळलं होतं.”

“पण तुम्ही रंग...”

“रंग म्हणजे तेच. इथं सगळ्यांना कळतं. तुला कळलं नाही, हे मला कळलं नाही. चूक माझी. तू मला गाडीचं विचारलंस आणि मी तोंड चुकवलं.”

एवढं म्हणून त्या सहासष्ट वर्षांच्या माणसानं तिला हात जोडले. थोरानं धाकट्यापुढे आधी हात जोडणं आमच्यात होत नाही. ओराथायनं घाईघाईनं त्यांचे हात धरून खाली केले. “असं नका करू काका, पाप लागेल मला,” म्हणाली आणि मग रडायला लागली.

“मलाही ठाऊक होतं गं,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

डोळे पुसून तिनं विचारलं, “किती खर्च येईल? खरं सांगा.”

“वायरिंगला चाळीस हजार. गिअरबॉक्स आज ना उद्या जाणार, त्याचे साठ.”

“एवढी मोची तर अख्ख्या गावानं पोट फुटेस्तोवर खाल्ली तरी...” गाडीतून आजोबांनी हाक मारली, “काय झालं गं?” आणि ती ओरडली, “काही नाही बाबा, गप्पा मारतोय!”

हिया तोंग उठून आत निघून गेले. पैसे परत द्यायला तयार झाले असते, तर ही गोष्ट सांगण्यात काही अर्थ उरला नसता. त्यांनी ते दिले नाहीत.

दादांनी गाडी आपल्या अंगणात नेऊन आंब्याखाली उभी केली. सीटा, गालिचे काढून सगळं उन्हात वाळत घातलं. तीन आठवडे ती उघडीच होती. तोवर इस्पितळाच्या वाराच्या दिवशी आजोबांना ते स्वतःच्या जुन्या पिकअपमधून न्यायचे, उतरताना खांद्याचा आधार देऊन.

इकडे रस्त्यावर त्यांना कुणी वावगं बोललं नाही. आमच्यात बोलत नाहीत. फक्त एके दिवशी ते एक गिऱ्हाईक घेऊन सहाव्या तंबूत गेले, तर मालक म्हणाला, “अरे दादा, या गाडीची चावीच सापडत नाहीये बघा सकाळपासून.” दोन दिवसांनी नवव्या तंबूतही चावी हरवली. पंधरवड्यात चौदाही तंबूंतल्या चाव्या हरवल्या. दादा दर वेळी हसून म्हणायचे, “सापडली की कळवा.” मग माझ्याकडे येऊन कॉफी प्यायचे आणि शर्टाची घडी नीट करत बसायचे. नऊ वर्षांचं काम असं आवाज न करता गेलं. मला वाईट वाटायचं. एकदा विचारलंही, “पस्तावा होतो का हो?”

“होतो ना,” ते म्हणाले. “अकरा दिवस उशिरा बोललो याचा.”

आणि मग एका दुपारी हिया तोंगचा ड्रायव्हर दादांच्या अंगणात भलंमोठं खोकं टाकून गेला. तसल्याच गाडीचं अख्खं वायरिंग, भंगारातल्या अपघाती गाडीचं, पण कोरडं. निरोप एवढाच होता: उगाच जागा अडवून पडलंय, हवं तर ठेवा, नाहीतर फेकून द्या. दादांनी त्या संध्याकाळी हिया तोंगच्या घरी स्वतःच्या झाडाचे आंबे पाठवले. दोघं अजून एकमेकांशी बोललेले नाहीत.

वायरिंग बदललं. गिअरबॉक्सचं तेल बदलून दादांनी ओराथायला बजावलं, ताशी साठच्या वर न्यायची नाही. तरीही गाडीवर त्यांचा भरवसा बसेना. वाराच्या दिवशी ते स्वतःच चालवायला बसतात. आजोबांचे चार तास होईपर्यंत इस्पितळाच्या आवारात बॉनेट उघडून उभे असतात.

गेल्या शुक्रवारी मला रक्तदाबाच्या गोळ्या आणायच्या होत्या, म्हणून मीही मागे बसून गेले. पोचल्यावर ओराथाय नंबर लावायला पुढे पळाली. गाडीत आम्ही तिघंच होतो. आजोबांनी पुढच्या कप्प्यावर हात ठेवला.

“जामरात.”

“बोला.”

“त्या दिवशी काच उघडी होती. मी सगळं ऐकलंय.” आजोबांनी इस्पितळाच्या दाराकडे पाहिलं. “इथला डॉक्टर म्हणतो, बघू. पोरगी म्हणते, चेहरा छान दिसतोय. सगळे गोड बोलतात. तू खरं सांगतोस, म्हणून तुला विचारतो. ही गाडी किती दिवस चालेल?”

दादांनी इंजिन बंद केलं. मला वाटलं, आता हा माणूस जन्मवार विचारणार. मी असते तर विचारला असता.

“दोन वर्षं,” ते म्हणाले. “जपून वापरली तर. पुढचं मी सांगू शकत नाही.”

आजोबांनी मनातल्या मनात काहीतरी जुळवलं. ओठ हलले, बोटं हलली. मग मान डोलावली.

“पुरेल,” ते म्हणाले.

दादांनी उतरून त्यांच्या बाजूचं दार उघडलं. आजोबा सीटवरून अलगद सरकले, दादांच्या खांद्याला धरून उभे राहिले. इस्पितळाच्या दारापर्यंत तीसेक पावलं असतील. मी त्यांची पिशवी घेऊन मागून चालले होते. अर्ध्या वाटेत आजोबांचा पाय अडखळला, श्वास वर चढला. पण थांबा म्हणायला ते तयार नव्हते. आजूबाजूला माणसं होती.

जामरातदादा थांबले, कमरेवर हात ठेवला आणि मोठा उसासा टाकला.

“जरा थांबू या, लुआनदादा,” ते म्हणाले. “मला दम लागलाय.”