आण्याच्या पाण्यानं धुतलेली सायकल

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. जुनी म्हणाले, भंगार म्हणाले नाही. हा फरक ज्याला कळत नाही त्यानं इथंच थांबावं. काळा रंग, मधे आडवा दांडा, मागं रुंद कॅरिअर आणि कॅरिअरच्या दोन्ही अंगांना दुधाच्या किटल्या अडकवायचे लोखंडी आकडे. माझं वजन विचारू नका. मला उचलायला जातो त्याला ते आपोआप कळतं.

माझे सुटे भाग कुठल्या कारखान्यात झाले ते मला आठवत नाही. मी सायकल झाले ती आळेफाट्याला, मोहनलाल शेठच्या दुकानात. शेठनं स्वतः मांडी घालून माझ्या चाकांच्या तारा आवळल्या. आणे गावचे चांगदेव मला न्यायला आले तेव्हा शेठ म्हणाले, "चांगदेवभाऊ, कोरड्या फडक्यानं पुसत जा, साखळीला तेल देत जा. तुमची नातवंडं हिच्यावर बसतील."

आणे गाव पठारावर आहे. तिथं पाण्याची काय किंमत असते ते तिथं राहिल्याशिवाय समजायचं नाही. उन्हाळ्यात टँकर आला की चूल सोडून बायका पळतात. भांडी धुतलेलं पाणी म्हशीला, आंघोळीचं पाणी शेवग्याच्या झाडाला. अशा गावात सायकल कोण धुणार? फडकं आणि तेल, एवढ्यावर माझी पस्तीस वर्षं गेली आणि मला एक ठिपका गंज लागला नाही. मित्रांनो, ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढं सगळं हिच्यावरच अडणार आहे.

चांगदेव लवकर गेले. त्यांची बायको प्रयागबाई तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती. पदरात सुदर्शन नावाचं लहान पोर आणि गोठ्यात दोन म्हशी. दूध बेल्ह्याला पोचवायला माणूस नव्हता. मग तिनं नऊवारीचा कासोटा घट्ट मारला, मला खळ्यात नेलं आणि चार दिवस पडत राहिली. पाचव्या दिवशी दोन किटल्या अडकवून आण्याचा घाट उतरली. पहिले काही दिवस लोक हसले. नंतर एसटीचे ड्रायव्हरसुद्धा हॉर्न न वाजवता मागं थांबू लागले. "बाई चाललीय," म्हणायचे, "जाऊ द्या पुढं." त्या 'बाई'त मीही होते, असं मी धरून चालते.

मग सुदर्शन मोठा झाला. त्यानं मोटारसायकल घेतली, नंतर पिकअप घेतली. मी गोठ्यात गेले. माझ्यावर कांद्याची रिकामी बारदानं टाकली. कोंबड्या माझ्या सीटवर बसायच्या, आणि नुसत्या बसायच्या नाहीत.

मागच्या हिवाळ्यात सुदर्शननं भंगारवाल्याला सांगावा धाडला. त्याच आठवड्यात त्याची मुलगी संस्कृती म्हणाली, "आजी, आम्ही सगळे रायगडच्या किनाऱ्यानं तीन दिवस सायकल चालवायला चाललोय. तू येतेस?" आळेफाट्याच्या पोरांनी सायकलींचा एक ग्रुप काढला आहे. त्याचा म्होरक्या अरिहंत, मोहनलाल शेठचा नातू. ज्या दुकानात मी झाले त्याच दुकानात आता तो पातळ चाकांच्या, फुंकरीनं उडतील अशा सायकली विकतो.

प्रयागबाई बासष्ट वर्षांची. तिनं बारदानं उचलली, कोंबड्यांना शिव्या घातल्या आणि मला बाहेर काढलं.

सुदर्शन म्हणाला, "आई, येडी का काय तू? ही वाटंत मोडंल."

"न्हाई मोडायची. हिला मी समुद्र दावणार हाय."

"मोडली, टेंपोत घालायची पाळी आली, तर मग माझं ऐकायचं. आल्या आल्या भंगारात. मंजूर?"

"आन तिन्ही दिस आपल्या चाकावर चालली तर?"

"तर मी सवता पुसून पडवीत ठिवीन. कायमची."

"शबुद दिलास बरं," प्रयागबाई म्हणाली. मित्रांनो, माझ्या जिवाचा सौदा असा दारात, माझ्यासमोर झाला. मला कुणी विचारलं नाही.

टेंपोनं आम्हांला माळशेज उतरवून किनाऱ्याला सोडलं आणि तो सामान घेऊन मागं मागं येऊ लागला. नऊ पोरं-पोरी, नऊ चकचकीत सायकली, आणि आम्ही दोघी. माझ्या एका आकड्याला प्रयागबाईनं पाच लिटरची किटली अडकवली होती. तिच्यात आण्याच्या विहिरीचं पाणी.

अरिहंत म्हणाला, "आजी, पाणी काय वाहताय? इथं बाटल्या मिळतात."

"मिळू दे. मला आमच्या हिरीचं सोसतं. परगावचं पाणी पोटात राहत न्हाई."

पठारावरचं माणूस पाणी कसं पितं ते पाहायचं असेल तर तिला पाहा. दोन दिवस ऊन खाऊनसुद्धा किटली निम्म्याच्या वर भरलेली होती.

दोन दिवस मी कुठं अडले नाही. चढावर ती पोरं दहादहा गिअर बदलायची. प्रयागबाई खाली उतरायची आणि मला हातानं ओढायची. उतरून चालायला तिला लाज वाटत नाही, आणि टेंपोकडं तिनं मान वळवून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते हॉटेल आलं. दारावर मोठी पाटी होती: सायकलवाल्यांचं हक्काचं घर. खाली बारीक अक्षरांत, तुमच्या सायकलीची काळजी आम्ही घेतो. संस्कृतीनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. मला बरं वाटलं, खोटं का बोलू? आजवर मला कुणी घर देऊ केलं नव्हतं.

आत सायकलींची वेगळी खोली होती. भिंतीला टांगायच्या खुंट्या, पुसायला पांढरे पंचे, बाहेर धुवायला जोराच्या पाण्याचा पाइप. मॅनेजरनं नऊ सायकली हसत हसत आत घेतल्या. मग माझ्याकडं पाहिलं.

"आजी, ही तिकडं कुंपणाला लावा. आत फक्त सायकली ठेवतो आम्ही."

"मग ही काय म्हैस हाय?"

पोरं हसली. मॅनेजर म्हणाला, "तसं नाही हो. ही खुंटीला बसत नाही. आणि हिला काय होणार आहे बाहेर?"

हिला काय होणार आहे! पाटीवर 'तुमच्या सायकलीची' असं लिहिलं होतं. 'पाहण्यासारख्या सायकलीची' असं लिहिलं असतं तर मी आपणहून बाहेर उभी राहिले असते. मला नारळाच्या सोलाण्यांच्या ढिगाशेजारी, समुद्राकडच्या कुंपणाला टेकवलं.

पण प्रयागबाईचं डोकं फिरलं ते यानं नाही. तिनं तो पाइप पाहिला. एक पोरगा एकाच सायकलीवर पाणी मारत उभा होता, आणि पाणी वाळूत वाहून चाललं होतं. ती सरळ गेली आणि नळ बंद केला.

"हे पाणी कशाचं रे?"

"विहिरीचं, आजी. गोडं पाणी आहे," मॅनेजर म्हणाला.

"प्यायचं?"

"हो, प्यायचंच."

"आन ते तुमी सायकलीच्या ढुंगणाला मारता? लाज न्हाई वाटत? आमच्याकडं यवढ्या पाण्यात दोन घरं दिस काढत्यात. पुढं यवढा समुद्र पसरलाय, त्यातलं घ्यायला काय हात मोडले?"

सगळे एकमेकांकडं पाहू लागले. संस्कृती असती तर बोलली असती, पण ती आंघोळीला गेली होती.

आणि मग प्रयागबाईनं ते केलं. तिनं मला कुंपणापासून काढलं आणि वाळूतून ओढत समुद्राच्या पाण्यात नेलं, पार चाकाच्या मध्यापर्यंत. हॉटेलची बादली तिनं उचलून आणली होती. बादली भरायची आणि माझ्यावर ओतायची. ओली वाळू मुठीत घेऊन, पातेलं घासावं तशी तिनं मला घासली. साखळी घासली, पायडल घासले. "पस्तीस साल झाली," म्हणत होती, "तुला कधी अंगभर पाणी मिळालं न्हाई. घे. देवाचं हाय, कुणाच्या तोंडचं न्हाई."

तिच्या हाताला मी पस्तीस वर्षं ओळखते. इतक्या मायेनं तो हात माझ्यावर कधी फिरला नव्हता. आणि प्रत्येक बादलीबरोबर मीठ माझ्या सांध्यांत जात होतं. मला तोंड असतं तर मी ओरडले असते. ओरडले असते का? खरं सांगते, मला माहीत नाही.

पण ज्यांना तोंड होतं त्यांनी काय केलं? हॉटेलच्या कट्ट्यावर मॅनेजर उभा होता, अरिहंत होता, आणखी तिघं-चौघं होती. किनाऱ्यावर जन्मलेला तो मॅनेजर, खारं पाणी लोखंडाचं काय करतं हे त्याला ठाऊक नव्हतं? सायकली विकून पोट भरणारा अरिहंत, त्याला ठाऊक नव्हतं? मॅनेजर म्हणाला, "बघा, आजींचं मोफत सर्व्हिसिंग." आणि अरिहंतनं मोबाईल काढून चित्रण केलं.

रात्रभर मी सोलाण्यांशेजारी उभी होते. त्या रात्रीबद्दल मला बोलायचं नाही.

सकाळी प्रयागबाई फडकं घेऊन आली आणि जागीच थांबली. माझी साखळी तांबडी झाली होती. तिनं पायडल फिरवलं. करकर करत अर्धा फेरा झाला आणि साखळी उडाली. परत बसवली, परत उडाली. शेवटचे बावीस किलोमीटर राहिले होते. जेटीवर पोचलो की झालं. आणि टेंपो दारात उभाच होता, मागची फळी पाडून.

मॅनेजर आला. "घाला टेंपोत, आजी. समुद्राच्या पाण्यानं असंच होतं. कालच गोड्या पाण्यानं धुवायला हवी होती."

प्रयागबाई हळूच म्हणाली, "असंच व्हतं? हे तुला काल ठावं व्हतं?"

तो पाइप गुंडाळू लागला.

"आन तुला रं, अरिहंत?"

अरिहंतनं मान खाली घातली. "माहीत होतं, आजी. पण... गंमत वाटली. तुम्ही एवढं बोललात, म्हटलं कोण सांगणार तुम्हांला."

"तुझ्या आज्यानं ही सायकल मांडीवर घिऊन बांधली व्हती," प्रयागबाई म्हणाली. "मला खाऱ्या पाण्याचं कळत न्हाई ही माझी चूक. मी पठारावरची, मला मीठ फक्त डब्यातलं ठावं. पण तू तिची मौत बघत हुबा राहिलास आन फोटू काढलास. ही कुणाची चूक?"

संस्कृती रडकुंडीला आली होती. "आजी, तो पाइप घेऊ या. अजून धुता येईल."

"घ्या ना," मॅनेजर घाईनं म्हणाला, "हवं तेवढं पाणी घ्या."

"तुझं नगं. काल मी म्हणाले, प्यायच्या पाण्यानं सायकल धुणाराला लाज पायजे. आता माझा शबुद मला मोडायचाय. तर तो माझ्या पाण्यानं मोडीन."

तिनं किटली उघडली. आण्याच्या विहिरीचं पाणी, दोन दिवस घोटघोट जपलेलं. मला उलटं केलं, सीटवर उभं केलं. संस्कृतीनं पायडल फिरवायचं आणि तिनं फुलपात्रानं पाणी सोडायचं, एका एका कडीवर, बेतानं. तांबडं पाणी खाली गळत होतं. थेंब वाया गेला की ती स्वतःलाच शिवी घालायची. किटली तळाला गेली तेव्हा तिनं पिशवीतून डोक्याला लावायचं खोबरेल काढलं आणि सगळी बाटली माझ्या साखळीवर रिकामी केली.

अरिहंत न सांगता खाली बसला. त्यानं स्वतःच्या पेटीतला पाना आणला आणि माझ्या मागच्या चाकातली वाळू काढू लागला. प्रयागबाईनं त्याला हाकललं नाही. "नीट कर," एवढंच म्हणाली, "तुझा आजा बघतोय वरनं."

मग आम्ही निघालो. मी करकरत होते. साखळी चार वेळा उडाली, प्रयागबाई चार वेळा उतरली, चार वेळा हात काळे केले. ऊन चढलं, तिच्या घशाला कोरड पडली. अरिहंतनं बाटली पुढं केली तेव्हा तिनं ती घेतली आणि परगावचं पाणी घटाघटा प्यायली. टेंपो मागं मागं येत होता. दुपारी बाराला माझं पुढचं चाक जेटीच्या फरशीवर टेकलं. टाळ्या वाजल्या. टाळ्यांचं मला काही नाही. टेंपोची पाडलेली फळी माझ्याविनाच राहिली, ते मला आवडलं.

परतीला गावाच्या वेशीपाशी प्रयागबाईनं मला टेंपोतून खाली उतरवायला लावलं आणि घरापर्यंत चालवत नेलं. दारात सुदर्शन आणि भंगारवाला दोघं उभे. सुदर्शननं माझ्या तांबड्या साखळीकडं पाहिलं. "बगितला मी ग्रुपवर तो व्हिडिओ," म्हणाला. "म्हनलं, आता काय उरलं असंल हिच्यात."

"तिन्ही दिस चाकावर चालली. इचार तुझ्या पोरीला."

संस्कृतीनं मान हलवली. प्रयागबाईनं रिकामी किटली सुदर्शनच्या हातात दिली. "भर. मीठ अजून आत हाय. साखळी धू तिची."

"आई, प्यायचं पाणी?"

"व्हय. प्यायचंच."

सुदर्शननं भंगारवाल्याला हातानं जायला सांगितलं आणि आत रांजणाकडं गेला.

मित्रांनो, आता मी पडवीत असते. माझी करकर काही पूर्ण गेलेली नाही. जुन्या वस्तूंना मान द्या, असं मी तुम्हांला सांगणार नाही. माझा मान मी घेते. पाट्याही लावू नका. एवढंच करा: कुणी मायेनं चुकताना दिसलं, तर मोबाईल खिशात ठेवा आणि हाक मारा. "आजी, खारं पाणी लोखंड खातं." पाच शब्द लागतात. शाळा मी फाटकाबाहेरूनच पाहिली आहे, तरी एवढे मलासुद्धा मोजता आले.