मिस अर्लीनची चापट

आमच्या धंद्यात तिशी उलटलेल्या माणसाला म्हातारा म्हणतात. तो चेंडू घेऊन पळणारा असेल, तर म्हणतसुद्धा नाहीत, नुसतं त्याचं कपाट कधी रिकामं होतंय ते बघतात. कॉर्नेल टिडवेल एकतीस वर्षांचा होता. नऊ वर्षं तो पगारी अमेरिकन फुटबॉल खेळत होता, तीन संघांकडून, आणि शेवटची चार आमच्याकडे. त्याचं काम चेंडू काखेत दाबून पळायचं. माझं काम त्याच्या पुढे पळून आडवा येईल त्याला अंगावर घ्यायचं. माझं नाव चार वर्षांत पेपरात दोनदा आलं, त्यात एकदा स्पेलिंग चुकलं होतं. तक्रार नाही, सांगतोय.

त्या ऑगस्टमध्ये एका सराव सामन्यात कॉर्नेलच्या काखेतून चेंडू सुटला. आमच्याकडे चेंडू सुटणं म्हणजे चारचौघांत विजार सुटण्यासारखं. विजार निदान आपली आपल्याला परत मिळते. चेंडू समोरच्यांनी उचलला आणि गुणही मिळवले. कोच हॅनिगन ओरडले नाहीत. त्यांनी जुनीच शिक्षा दिली: दहा दिवस चेंडू काखेतून काढायचा नाही. जेवताना नाही, झोपताना नाही, दाढी करतानाही नाही. वाटेत भेटेल त्या प्रत्येकाला तो चेंडू पाडायची मुभा. पडला तर स्वतः येऊन सांगायचं. दहा दिवसांनी संघाची अंतिम यादी लागणार होती आणि पळणाऱ्यांची एकच जागा उरली होती. तिच्यासाठी कॉर्नेल होता आणि एक बावीस वर्षांचा खेळाडू होता, ज्याचे गुडघे नुकतेच खोक्यातून काढल्यासारखे कोरे होते. चेंडू टिकला तर तुझा विचार करू, असं कोच म्हणाले.

आठ दिवस चेंडू टिकला. आमच्या लोकांनी दारामागे लपून बघितलं, न्हाणीघरात गाठून बघितलं. भोजनगृहात सूप वाढणाऱ्या बाईंनी पळीने प्रयत्न केला. न्हाव्याने खुर्चीत बसवून, डोळ्यांवर टॉवेल टाकून प्रयत्न केला. कॉर्नेलने अर्धवट दाढीनिशी दोन दिवस काढले, पण चेंडू सोडला नाही.

शनिवारी संध्याकाळी सुट्टी मिळाली म्हणून आम्ही दोघं अलाबामात त्याच्या आईकडे गेलो. तिला सगळं गाव मिस अर्लीन म्हणतं. 'मिस' गाळायची हिंमत शेरीफलाही होत नाही. तीस वर्षं तिने शाळेची बस चालवली, आणि चालत्या बसमध्ये उभा राहिलेला एकही पोरगा तिच्या आठवणीत नाही. नवरा लवकर गेला. पोराला तिने एकटीने वाढवलं, आणि तेराव्या वर्षापासून त्याला लोक धडाधड जमिनीवर आपटताना बघितलं.

रविवारी सकाळी चर्चला निघालो. कॉर्नेल ओट्याच्या चार पायऱ्या उतरला. एका हाताने कठडा धरून, दुसऱ्या काखेत चेंडू घेऊन, उलटा, पाठमोरा. सकाळी सरळ उतरायला त्याचे गुडघे वाकत नाहीत, हे मला सवयीचं होतं. मिस अर्लीन हॅट हातात धरून दारातच थांबली.

"विलिस, हा असा कधीपासून उतरतो?" तिने मला हळूच विचारलं.

"दुसऱ्या ऑपरेशनपासून. पण फक्त सकाळी," मी म्हणालो. ह्यात धीर देण्यासारखं काय होतं, कोण जाणे.

चर्चमध्ये तिथली व्यवस्था बघणाऱ्या म्हाताऱ्या डीकनने हात मिळवायच्या निमित्ताने चेंडूला टपली मारून बघितली. पाद्र्यांनी व्यासपीठावरून कॉर्नेलच्या हातासाठी वेगळी प्रार्थना केली. मिस अर्लीनने मात्र शिक्षेचे नियम मला दोनदा विचारून घेतले. चेंडू पडला तर काय होतं? बहुतेक घरी पाठवतात, मी म्हणालो. कुणी बघितलं नसलं तरी हा स्वतः जाऊन सांगेल? कॉर्नेल असल्या गोष्टीत खोटं बोलत नाही, मी म्हणालो. ह्या चौकशीमागे काय आहे हे माझ्या डोक्यात आलं नाही. मला तळलेल्या कोंबडीचा वास आठवत होता.

तिच्या टेबलावर हात धरल्याशिवाय प्रार्थना होत नाही. चेंडू खाली ठेव, ती म्हणाली. ठेवता येत नाही, तो म्हणाला. मग मी कोपर धरते, ती म्हणाली. डोळे मिटले. ती देवाचे आभार मानू लागली: मक्याच्या पावाबद्दल, पालेभाजीबद्दल, पोरगा घरी आल्याबद्दल. 'घरी' ह्या शब्दावर एक चापट वाजली आणि धप्प असा आवाज आला. मी डोळे उघडले तर चेंडू पालेभाजीत होता.

"आमेन," मिस अर्लीन म्हणाली, आणि वाढायला लागली.

सोमवारी सकाळी कॉर्नेल कोचसमोर उभा राहिला. मी दाराशी होतो. चेंडू पडला, त्याने सांगितलं. कुणी पाडला, कोचनी विचारलं. आईने. कोच हॅनिगनना हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. ही गोष्ट जो आपल्या तोंडाने येऊन सांगतो, तो माणूस मला हवाय, ते म्हणाले. जागा कॉर्नेलला मिळाली. कोरे गुडघे दुपारच्या विमानाने घरी गेले. मिस अर्लीन करायला गेली एक, आणि झालं भलतंच.

गाडीत बसून कॉर्नेलने तिला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"आई, यादीत नाव आहे."

"तू सांगितलंस ना त्यांना?"

"सांगितलं म्हणूनच ठेवलं."

तिने कोचबद्दल एक शब्द वापरला, जो उच्चारल्याबद्दल तिने बसमधून पोरं उतरवली असतील. मग म्हणाली, "मी मुद्दाम पाडला, कॉर्नेल."

"माहीत आहे. चुकून पडला असता तर तू मलाच ओरडली असतीस."

"मग सांगायला कशाला गेलास रे?"



"घरी पाठवतील म्हणून," तो म्हणाला. "आजवर कुणी पाडल्याशिवाय मी थांबलेलो नाही, आई. आपलं आपण खाली कसं बसायचं, ते मला येत नाही."

मी चार वर्षं ह्या माणसाच्या पुढे पळतोय. मागे वळून बघायचं माझं काम नाही, म्हणून मी कधी बघितलं नव्हतं. मला लाज वाटली.

"ते मी शिकवायला हवं होतं," मिस अर्लीन म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच म्हातारा वाटला.

दोन वाजता सराव होता. दोन वाजता आम्ही दोघं मैदानावर हजर होतो.