स्लॅबआधीची हाक

तिसऱ्या खोलीतही वायर ओढायची स्प्रिंग छतातल्या पाइपात अर्ध्यावरच अडकली, तेव्हा वायरमनने ती बाहेर काढली आणि टोकाला लागलेली सिमेंटची पूड शिडीखाली उभ्या असलेल्या कंत्राटदाराला दाखवली. कंत्राटदाराने ती पाहिली नाही. तो घराच्या मालकीणबाईंना सांगत होता, की दाजींच्या हाताखालची माणसं नवीन आहेत, होतं असं कधीकधी.

दाजी म्हणजे हाच वायरमन. कंत्राटदार त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. दोघांत लेखी असं कधीच काही झालं नव्हतं. एक रीत तेवढी होती. स्लॅब भरायच्या आधी कंत्राटदाराने हाक मारायची, वायरमनने सळ्यांवरून फिरून आपले पाइप तपासायचे आणि काँक्रीट पडून होईपर्यंत तिथेच उभं राहायचं. एकदा स्लॅब भरला की आतलं देवालाच ठाऊक, आणि देव काही दुरुस्तीला येत नाही. या वेळी मिक्सर ठरल्याच्या आदल्या दिवशीच मिळाला आणि कंत्राटदाराने हाक मारलीच नाही. मजूर पाट्या घेऊन पाइपांवरून नाचले, पाइप दबले, वर काँक्रीटची दुलई पडली. दाजी काय, घरचेच, असा हिशेब त्याने केला असणार. घरच्या माणसाच्या खात्यावर काहीही खपतं असं समजणारा एकेक जण प्रत्येक घरात असतोच.

बाई आत गेल्यावर त्याने वायरमनला जिन्यात गाठलं. बाईंच्या बहिणीच्या घराचं बांधकाम लवकरच निघणार होतं आणि त्यावर याचा डोळा होता. चूक कंत्राटदाराची ठरली तर ते काम गेलं. वायरमनची ठरली तर बाई थोड्या कुरकुरतील, एवढंच.

"तुमचं नाव कोण लक्षात ठेवतंय, दाजी," तो अगदी मायेने म्हणाला. "घर कुणी बांधलं ते लोक विचारतात. बटणं कुणी बसवली ते नाही विचारत कुणी."

हे खरं होतं, म्हणूनच जास्त झोंबलं.

घरी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. ती भावाची बाजू घेईल अशी तयारी ठेवूनच त्याने सगळं सांगितलं. तिने उशीचा अभ्रा जरा जोरातच झटकला.

"लहानपणी काच त्याने फोडायची आणि पाठ माझी सुजायची," ती म्हणाली. "आता तुमची पाठ हवीय होय त्याला? माझ्या भिडेने गप्प बसू नका. पण तोडू नका हं त्याला."

दोन्ही एकदम कसं जमवायचं, हा अवघड भाग तेवढा तिने नवऱ्याकडे ठेवला.

सकाळी बाई आल्या. कंत्राटदार होताच. वायरमनने आवाज चढवला नाही.

"बाई, पाइप माझे. पण स्लॅब भरताना मला बोलावलं नव्हतं. बोलावलं असतं आणि तरी अडकलं असतं, तर आज मान खाली घालून उभा राहिलो असतो. आज नाही घालणार."

कंत्राटदार हसला, खोकला, घड्याळात पाहिलं. शेवटी बोलला तेव्हा 'दाजी' कुठेतरी गळून पडलं होतं. वायरमनने छत फोडून नवे पाइप आत दाबावेत, वरून गिलावा मारून देऊ, कुणाच्या बापाला कळणार नाही, असं त्याचं म्हणणं.

"छत फोडणार नाही, कमजोर होईल," वायरमन म्हणाला. "पाइप छताखालून उघडा नेतो. दिसू दे. लपवायचाच असेल तर दुसरा माणूस बघ. आणि पुढच्या स्लॅबला मी हवा असेन तर आधी हाक मार. नसेल मारायची, तर मला धरूच नकोस."

बाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि पंखा फिरणार का, एवढंच विचारलं. फिरेल, वायरमन म्हणाला. मग दिसेना का पाइप, असं म्हणून बाई वळल्या. बहिणीच्या घराचं नंतर बघू, असं जाता जाता कंत्राटदाराला ऐकवून गेल्या. ते 'नंतर' दोघांनाही नीट समजलं.

"बसा आता ठोकत," कंत्राटदार म्हणाला आणि गाडी काढून निघून गेला.

दुपारपर्यंत दिवाणखान्याच्या छताला पाइप सरळ लागला, दारातून येणाऱ्याची नजर आधी तिथेच जावी असा. वायरमन खाली उतरला, हात धुतले, डबा उघडला. बायकोने भावाची वाटणी नेहमीसारखी वेगळ्या कप्प्यात भरली होती. तो आपल्यापुरता जेवला. दुसऱ्या कप्प्यावर झाकण घट्ट बसवलं, तो खिडकीत सावलीला ठेवला आणि पुढच्या खोलीत शिडी लावली.